तांबड्याला मुद्दाम उशीर

‘ऑप्टिक्स लेटर्स’ या नियतकालिकात 1994 साली तीन पानांचा एक लेख आला. लेखक चार. बुडापेस्टचे रॉबर्ट सिपोच आणि कार्पात फेरेंत्स, व्हिएन्नाचे क्रिस्तियान श्पीलमान आणि फेरेंत्स क्राउस. विषय एक आरसा. भौतिकशास्त्रातलं काही रसिकतेनं वाचायचं ठरवलं की बहुतेकांचा हात सापेक्षतावादाकडे किंवा पुंजभौतिकीच्या सुरुवातीच्या लेखांकडे जातो. तिथं भव्यता आहे, वाद नाही. पण कारागिरी पाहायची असेल, एकेक थर का आणि कुठे ठेवला हे बोट ठेवून वाचायचं असेल, तर मी हा आरसा पुढे करीन.

दिसायला तो काहीच नाही. इंचभर व्यासाची काचेची चकती, तिरकी धरली तर रंगाची जराशी झाक. सगळा ऐवज तिच्या एका तोंडावर आहे. सिलिका आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचे आळीपाळीने चढवलेले थर, चाळीसच्या आसपास. सगळे मिळून जाडी पाच-सहा मायक्रोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतकीही नाही. त्यात चांदी नाही, ॲल्युमिनियम नाही, धातूचा कणही नाही. दोन्ही पदार्थ सुटे घेतले तर पारदर्शक. एकावर एक रचल्यावर मात्र ते प्रकाश जवळजवळ सगळाच्या सगळा परत पाठवतात.

इथवरची युक्ती जुनी आहे. थर ठरावीक अंतरानं पुन्हापुन्हा येत असतील तर काही तरंगलांब्यांना त्यातून वाटच मिळत नाही, हे लॉर्ड रॅली यांनी 1887 साली गणितानं दाखवलं होतं. पोटॅशियम क्लोरेटच्या काही स्फटिकांची लखलखती रंगीत चमक याच कारणानं येते. 1950च्या दशकात आपल्या रामन यांनाही त्या स्फटिकांनी भुरळ घातली होती. रॅली यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1987 साली, एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे हाच विचार तिन्ही दिशांना नेला आणि फोटॉनिक स्फटिकांचं क्षेत्र उभं राहिलं. एकाच दिशेनं रचलेल्या थरांना फोटॉनिक स्फटिक म्हणायचं की नाही यावर जाणकारांत कुरबूर आहे. ती बाजूला ठेवू. तत्त्व एकच आहे आणि एका दिशेत ते सगळ्यात स्वच्छ वाचता येतं.

साध्या, एकसारख्या थरांच्या आरशात प्रत्येक थराची जाडी त्या पदार्थातल्या तरंगलांबीच्या पाव भागाइतकी असते. 800 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी सिलिकाचा थर सुमारे 138 नॅनोमीटर, टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे 87. दोन पदार्थांच्या एका सीमेवरून जेमतेम पाच टक्के प्रकाश मागे फिरतो. पण पाव-पाव तरंगलांबीच्या हिशेबामुळे सगळ्या सीमांवरून परतणाऱ्या लाटा पावलाला पाऊल जुळवून बाहेर येतात, आणि वीस जोड्या झाल्या की परावर्तन शंभर टक्क्यांच्या अगदी जवळ जातं. या दोन पदार्थांच्या आरशात साधारण 700 ते 940 नॅनोमीटर हा पट्टा निषिद्ध ठरतो. त्यातला प्रकाश आत शिरला तरी काही थरांतच विझत जातो. पट्ट्याबाहेरचा प्रकाश आरपार निघून जातो. रचना निर्दोष आहे, आणि कुठल्याही निर्दोष रचनेसारखी थोडी कंटाळवाणी. पहिला थर कळला की विसावाही कळला.

सिपोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा आरसा पुरेना, त्याचं कारण रंग नव्हता, वेळ होती.

त्या काळात टायटॅनियम-सॅफायर लेझरनं प्रकाशाचे फार आखूड स्पंद मिळू लागले होते. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. एका फेम्टोसेकंदात प्रकाश हवेत 0.3 मायक्रोमीटर जातो, आणि 800 नॅनोमीटरच्या प्रकाशाचं एक पूर्ण आंदोलन 2.7 फेम्टोसेकंदांत संपतं. आता स्पंद जितका आखूड, तितके त्यात रंग जास्त. पाच फेम्टोसेकंदांच्या स्पंदाला कमीत कमी दोनेकशे नॅनोमीटर रुंदीचा वर्णपट लागतो, आणि ते सगळे रंग एकाच क्षणी एकत्र यावे लागतात. हा प्रकाश बहुतांशी अवरक्तातला आहे, तरी प्रयोगशाळेतल्या बोलीप्रमाणे लांब तरंगांना तांबडे आणि आखूड तरंगांना निळे म्हणू.

अडचण अशी की वाटेतली प्रत्येक काच तांबड्याला पुढे सोडते आणि निळ्याला रेंगाळायला लावते. शाळेत लोलकातून सप्तरंग वेगळे होताना दिसतात त्याच अपस्करणाची ही काळातली बाजू. पाच फेम्टोसेकंदांचा स्पंद एक मिलिमीटर जाडीच्या साध्या सिलिका काचेतून गेला तर पलीकडे निघताना वीस फेम्टोसेकंदांचा होतो. एका मिलिमीटरमध्ये चौपट. लेझरच्या पोटात तर स्फटिक आहे, काच आहे, हवा आहे, आणि प्रकाश त्यातून पुन्हापुन्हा फेऱ्या मारतो.

1984 सालापासून यावर उपाय होता तो लोलकांच्या जोडीचा. प्रकाश रंगांमध्ये पसरवायचा, तांबड्याला जास्त काचेतून न्यायचं, मग पुन्हा सगळे गोळा करायचे. उपाय चालायचा, पण पहिल्या क्रमाची चूक सुधारताना वरच्या क्रमाच्या चुका तो स्वतःच घालायचा. दहा फेम्टोसेकंदांच्या आसपास त्याचा दम संपत असे.

आता त्या तीन पानांचं मर्म. एकसारखा आरसा सगळ्या रंगांना जवळजवळ एकाच ठिकाणाहून परत फिरवतो. या चौघांच्या आरशात थरांची जाडी आत जाता जाता वाढत जाते. वरचे थर पातळ, म्हणून त्यांचा निषिद्ध पट्टा निळ्याचा. खालचे थर जाड, त्यांचा निषिद्ध पट्टा तांबड्याचा. निळा प्रकाश पृष्ठभागालगतच अडतो आणि मागे फिरतो. तांबड्याला वरच्या थरांची हरकत नसते, तो त्यांतून खाली उतरतो आणि आपल्यासाठी जाड झालेल्या थरांपाशी पोचल्यावरच वळतो. प्रत्येक रंगाची वळायची खोली वेगळी. पाच मायक्रोमीटर खाली जाऊन वर यायचं, तेही काचेसारख्या माध्यमातून, म्हणजे तांबड्याला निळ्यापेक्षा पन्नास-साठ फेम्टोसेकंद उशीर. काचेनं जे केलं त्याच्या नेमकं उलट, आणि तेही केसाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी जागेत. लोलकांच्या जोडीला यासाठी दहा सेंटिमीटरांच्या काही पट अंतर लागायचं.

मला इथं सगळ्यात जास्त मोह पडतो तो या गोष्टीचा की आरशात नवा पदार्थ एकही आला नाही. तेच दोन पदार्थ, तीच आळीपाळी. कुठल्याही एका जागी थांबून पाहिलं तर आजूबाजूचे चार-सहा थर जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणजे तिथला नियम तोच जुना आहे. नियम मोडलेला नाही, तो हळूहळू सरकत गेला आहे. अशा श्रेणीबद्ध फोटॉनिक स्फटिकांचं सगळं सामर्थ्य या संथपणात आहे. बदल फार झपाट्यानं केला तर निषिद्ध पट्टा तयारच होत नाही, प्रकाशाला तो स्फटिक वाटत नाही, नुसता थरांचा ढीग वाटतो. बदलच केला नाही तर सगळे रंग एकाच जागी वळतात.

1994 सालीच श्पीलमान, क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे आरसे लावून लोलकांशिवाय चालणाऱ्या लेझरमधून 11 फेम्टोसेकंदांचे स्पंद काढले, आणि वर्षभरात दहाच्याही खाली आणले. 1997 मध्ये मिलानच्या गटाबरोबर केलेल्या कामात वायू भरलेल्या पोकळ तंतूतून रंग वाढवून, मग या आरशांवरून परावर्तित करून, पाचाखालचे जोरकस स्पंद मिळाले. 2001 साली व्हिएन्नात क्राउस यांच्या गटानं एकटा, सुटा, 650 ॲटोसेकंदांचा, म्हणजे एका फेम्टोसेकंदाहूनही आखूड, स्पंद मोजला. तो निर्माण करायला लागणारे सात फेम्टोसेकंदांचे स्पंद जुळून यायला हेच आरसे हवे होते. 2023च्या नोबेल पुरस्काराच्या बातम्यांत क्राउस, पिएर अगोस्तिनी आणि ॲन ल्हुइलिए यांच्याबरोबर या आरशाचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. स्वाभाविक आहे. आरसा त्या गोष्टीत नेपथ्याचा भाग आहे.

पण रसग्रहण म्हणजे नुसती वाहवा नव्हे. या आरशात एक दोष होता, आणि तो दोष कसा समजला गेला यात त्याची खरी खोली आहे.

तांबडा प्रकाश वरच्या पातळ थरांतून बिनहरकत खाली उतरतो असं मी वर लिहिलं. ते पूर्ण खरं नाही. पट्ट्याबाहेर असला तरी प्रत्येक सीमेवर त्याचा थोडा भाग मागे फिरतोच. स्फटिकाच्या मध्यात हे छोटे परतावे एकमेकांना खोडतात. सुरुवातीला मात्र खोडायला कुणी नसतं. थर अचानक सुरू होतात, पहिल्याच सीमेला दोन पदार्थांतला पूर्ण फरक समोर उभा राहतो, आणि तिथून एक दुबळी लाट वेळेआधीच परत निघते. खालून उशिरा येणारी मुख्य लाट या आगाऊ लाटेत मिसळते. परिणाम असा की तांबड्याला जो उशीर गुळगुळीत, एका रेषेत वाढायला हवा, त्यात खड्डे-उंचवटे पडतात. काही रंग थोडे लवकर, शेजारचे थोडे उशिरा. वर्णपट अरुंद असता तर चाललं असतं. जिथं प्रत्येक फेम्टोसेकंद मोजला जातो तिथं ते चालत नाही.

आधीचे कारागीर हे खड्डे संगणकाला बुजवायला लावत. थरांच्या जाड्या थोड्या इकडे-तिकडे करून लाखो शक्यता तपासायच्या. अशा रचनेचा आलेख पाहिला तर वाढत जाणारी जाडी सरळ चढत नाही, दातेरी होते. रचना काम करते, पण का करते हे ती सांगत नाही. मला ती दातेरी वळणं वाचताना नेहमी वाटतं की इथं कर्त्याचा हात सुटला आहे.

1997 साली झुरिचच्या ईटीएच संस्थेतल्या फ्रान्झ कर्टनर, उर्सुला केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष नेमका कुठं आहे ते ओळखलं : आरशाच्या आत नाही, त्याच्या सुरुवातीला. मरीन ड्राइव्हच्या उभ्या बांधावर लाट आदळते आणि परत फिरते, पण गुहागरच्या सावकाश उतरत्या वाळूवर तीच लाट चढत चढत विरून जाते, मागे काही पाठवत नाही. प्रकाशालाही असा उतार हवा होता. त्यांनी दुसरी श्रेणी घातली. जाडीची वाढ होतीच, तिच्यासोबत वरच्या काही जोड्यांत टायटॅनियम डायऑक्साइडचा वाटा जवळजवळ शून्यापासून सुरू करून हळूहळू पूर्ण मापावर आणला. जोडीची एकूण लांबी हवी तेवढीच, पण तिच्यातला जड पदार्थ आधी फक्त नावापुरता, मग थोडा अधिक. प्रकाशाला आपण स्फटिकात कधी शिरलो हे कळतच नाही. अशा आरशाला दुहेरी श्रेणीचा म्हणतात, आणि त्याच्या रचनेचा मोठा भाग गणितातून थेट निघतो. संगणकाला शेवटचा हात तेवढा फिरवायचा उरतो. 1999 मध्ये झुरिचच्या गटानं, आणि त्याच वर्षी एमआयटीतल्या गटानं, असे आरसे वापरून दोन आंदोलनांइतक्या किंवा त्याहूनही आखूड लांबीचे स्पंद थेट लेझरमधून काढले.

माझ्या मते 1994ची कल्पना आणि 1997ची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिलीत श्रेणी लांबीत आहे, दुसरीत श्रेणी जोरात आहे. दुसरी आल्यावर कळतं की पहिली अर्धवट होती. रंगांना वेगवेगळ्या खोलीवर वळवणं हे निम्मं काम. प्रकाशाला रचनेत आत घेणं हे उरलेलं.

याच कुळातला एक फ्रेंच भाऊ आहे, त्याच्याकडे वळायला हवं, जरी माझं मन त्याच्यात तितकं रमत नसलं तरी. 2005 साली एमानुएल सांतनो आणि दाविद कासान्य यांनी ‘श्रेणीबद्ध फोटॉनिक स्फटिक’ हे नाव घेऊनच लेख लिहिला. त्यांचा स्फटिक सपाट, दोन दिशांचा, आणि त्यातलं जाळीचं अंतर एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू बदलत जाणारं. यात प्रकाश निषिद्ध पट्ट्यात नसतो, परवानगी असलेल्या पट्ट्यातून प्रवास करतो. पण जाळी बदलत गेली की प्रकाशाची जायची दिशाही बदलत जाते आणि किरण वाकतो. तापलेल्या डांबरी रस्त्यावर दूर पाणी दिसतं ते मृगजळ हवेचा अपवर्तनांक उंचीनुसार बदलल्यानं होतं, आणि तिथं किरण वाकायला शेकडो मीटर लागतात. या स्फटिकात तीच वाकण काही तरंगलांब्यांच्या अंतरात साधते. 2008 मध्ये एरिक अकमान्सोय आणि सहकाऱ्यांनी हे मृगजळ मायक्रोवेव्हवर प्रत्यक्ष दाखवलं. मॅक्सवेलच्या समीकरणांना आकारमानाची पर्वा नसते. तरंगलांबी जितक्या पटीनं मोठी घ्यावी तितक्या पटीनं स्फटिकही मोठा घेता येतो, त्यामुळे नॅनोमीटरांत जे कोरावं लागतं ते मायक्रोवेव्हसाठी हातानं मांडण्याइतकं मोठं होतं. पुढच्या काही वर्षांत पॅरिसजवळच्या ओर्सेमध्ये सिलिकॉनच्या पातळ पत्र्यात छिद्रं पाडून हेच दूरसंचाराच्या प्रकाशावरही झालं.

या सगळ्यामागचं व्याकरण आधीच लिहिलं गेलं होतं. 1999 साली फिलिप रसेल आणि टिम बर्क्स यांनी दाखवलं की सावकाश बदलणाऱ्या फोटॉनिक स्फटिकात प्रकाशाचा मार्ग हॅमिल्टनच्या यांत्रिकीनं काढता येतो. प्रकाशाला कण समजा, जाळीतल्या बदलाला बल समजा, आणि एकोणिसाव्या शतकातली समीकरणं कामाला लागतात. हे सुंदर आहे, यात शंका नाही. तरीही वाकलेल्या किरणाचं चित्र पाहिल्यावर मी विचारतो, एवढ्या खटाटोपानं वळवलेला किरण साध्या तरंगवाहक पट्टीनं वळवता आला नसता का? काही बाबतींत नसता, हे मान्य आहे. वेगवेगळ्या तरंगलांब्यांना वेगवेगळं वळण देणं ही या स्फटिकाचीच करामत. पण आरशासमोर तडजोडीला जागा नव्हती, आणि म्हणून त्यातली प्रत्येक युक्ती गरजेतून आली आहे. सपाट स्फटिकात मोकळीक जास्त आहे, आणि ती मोकळीक कधीकधी नुसत्या प्रात्यक्षिकात खर्च होते.

निसर्गाला ही कला आधीच येत होती, हे सांगायचा मोह अशा लेखात प्रत्येकालाच होतो. मी दोनच उदाहरणं देतो. मध्य अमेरिकेतल्या ख्रिसिना प्रजातीतल्या सोनेरी भुंग्यांच्या कवचात कायटिनच्या थरांचं अंतर खोलीनुसार बदलत जातं, म्हणून ते एका रंगाचे न दिसता घासलेल्या पितळेसारखे चमकतात. आणि मुंबईच्या बाजारात पाटीवर मांडलेल्या ताज्या वाकटीची रुपेरी त्वचा ग्वानिनच्या पातळ स्फटिकांची बनलेली असते. तिथं थर एकसारख्या जाडीचे नसतात, म्हणून सगळे रंग परत येतात आणि मासा चांदीचा वाटतो. मात्र दोन्ही ठिकाणी निसर्गाला फक्त रंगांची रुंदी हवी होती. कुठला रंग कधी परत आला याच्याशी भुंग्याला काही देणंघेणं नाही. वेळेचं गणित हे फक्त बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि झुरिचचं.

झुरिचच्या दुरुस्तीनंतरही एक सांधा उघडा राहिला. थरांचा उतार कितीही हळुवार केला तरी सगळ्यात वर हवा आहे आणि हवेखाली काच. ती पायरी आरशाच्या आतल्या कुठल्याच श्रेणीनं पुसली जात नाही. परावर्तनविरोधी लेप लावला तरी इतक्या रुंद वर्णपटात तो सगळीकडे सारखा चालत नाही, आणि एका टक्क्याहून कमी परतलेला प्रकाशही वेळेच्या आलेखात तरंग उठवतो. या सांध्यावर गेल्या पंचवीस वर्षांत जे उपाय झाले ते तपासण्यासारखे आहेत. कुणी थर काचेच्या मागच्या बाजूला लावून प्रकाश काचेतूनच आत आणला. कुणी वर किंचित तिरकी पाचर चिकटवली, म्हणजे आगाऊ लाट दुसऱ्याच दिशेला निघून जाते. ग्युंटर श्टाइनमायर यांनी 2003 साली आरसा ब्रूस्टर कोनात ठेवायचं सुचवलं. त्या कोनात योग्य ध्रुवणाचा प्रकाश हवेच्या सीमेवरून परत फिरतच नाही, लेपाची गरजच उरत नाही. मला हे उत्तर सर्वांत देखणं वाटतं, कारण त्यात भर घालण्याऐवजी जागा बदलली आहे.

प्रयोगशाळांनी मात्र वेगळंच उत्तर जास्त उचलून धरलं. दोन आरसे बनवायचे, जवळजवळ सारखे, फक्त एकाच्या लेपाखाली पाव तरंगलांबीचा एक जास्तीचा थर. त्या एका थरामुळे दुसऱ्या आरशातले वेळेचे तरंग अर्ध्या मापानं सरकतात. पहिल्यात जिथं उंचवटा, दुसऱ्यात तिथं खड्डा. प्रकाश दोन्हींवरून एकेकदा परावर्तित झाला की चुका एकमेकींना खोडतात. ब्रूस्टर कोनाला तिरका मारा आणि मोठे आरसे लागतात, ध्रुवणही एकच चालतं. जोडीला असं काही लागत नाही. म्हणून असे आरसे आजही जोडीनंच विकले जातात. त्यातला एक सुटा वापरला तर वेळेच्या आलेखात ते तरंग पुन्हा जसेच्या तसे दिसतात.